यॉज : त्वचेवरचा फोड आणि दिशा सोडणारं जहाज

आजच्या व्याख्यानाचं शीर्षक वाचून दोन-तीन जणांनी सुरुवातीलाच विचारलं, की हा विषय भाषेचा आहे, वैद्यकाचा आहे की विमानविद्येचा? खरं सांगायचं तर तिन्हींचा थोडा थोडा आहे. सुरुवात शब्दापासून करू, तिथून समुद्रावर जाऊ, मग जंगलातल्या वस्त्यांवर. शेवटी एक प्रश्न उरतो, आणि खरा विषय तोच आहे : औषध हातात असताना एखादा रोग परत का येतो?

शब्द एक की दोन?

इंग्रजीत 'यॉ' असं एक क्रियापद आहे. चालतं जहाज आपल्या ठरलेल्या दिशेपासून नाक डावीकडे-उजवीकडे फिरवू लागलं, की इंग्रज खलाशी म्हणतो, 'द शिप यॉज'. शब्दकोशात याच्याच शेजारी दुसरा शब्द सापडतो, तोही 'यॉज'. हा एक त्वचारोग. उष्ण आणि दमट प्रदेशात, जंगलाच्या आसपास राहणाऱ्या गरीब माणसांना, त्यातही मुलांना होणारा. उच्चार तोच, स्पेलिंगही तेच.

आता अशा जोड्या दोन प्रकारच्या असतात. आपल्या मराठीतलंच उदाहरण घ्या. 'देवी' म्हणजे देवता आणि 'देवी' म्हणजे तो जीवघेणा रोग. इथं शब्द एकच आहे. रोग हा देवीचा कोप मानला गेला म्हणून तिचं नाव रोगाला मिळालं. एका शब्दाला दुसरा अर्थ फुटला. उलट 'पण' हा शब्द पाहा. 'येतो, पण उशिरा येतो' यातला 'पण' संस्कृत 'पुनः'वरून आला, आणि सीतास्वयंवरातला 'पण' वेगळ्याच शब्दावरून आला. दोघे निरनिराळ्या घरांतून निघाले आणि मराठीत येऊन एकसारखे दिसू लागले.

'यॉज'ची जोडी 'पण'सारखी आहे. खलाशांचा 'यॉ' इंग्रजीत सोळाव्या शतकापासून दिसतो आणि तो बहुधा उत्तर युरोपातल्या, स्कँडिनेव्हियाकडच्या दर्यावर्दी भाषांमधून आला. रोगाचं नाव सतराव्या शतकात कॅरिबियन बेटांकडून आलं, बहुतेक तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून. त्या काळी त्या बेटांवर उसाचे मळे होते आणि मळ्यांवर आफ्रिकेतून जहाजं भरून आणलेले गुलाम होते. म्हणजे ज्या जहाजाच्या डेकवर खलाशी 'यॉ, यॉ' म्हणत सुकाणू सांभाळत होता, त्याच जहाजाच्या तळाशी कोंबलेल्या माणसांच्या अंगावर तो दुसरा 'यॉज' होता. शब्दांचं नातं नाही, पण त्यांची भेट झाली ती अशा ठिकाणी.

इंग्रजी व्याकरणातली एक गंमत इथंच सांगते. रोगाच्या नावातला शेवटचा 'ज' हा अनेकवचनाचा आहे. आपणही 'कांजिण्या आल्या', 'देवी आल्या' असं अनेकवचनातच म्हणतो, कारण फोड एक नसतो, पुष्कळ असतात. अंगावरचा एक फोड म्हणजे 'यॉ' आणि अनेक म्हणजे 'यॉज'. पहिला फोड उठतो त्याला डॉक्टर मंडळी 'मदर यॉ' म्हणतात, म्हणजे फोडांची आई. नंतर अंगभर उठतात त्या तिच्या लेकी.

नाक फिरतं म्हणजे नेमकं काय होतं?

आता समुद्रावर जाऊ. बसल्या जागी एक छोटा प्रयोग करा. उजवा हात समोर धरा, तळवा जमिनीकडे. हा तुमचा हात म्हणजे विमान किंवा जहाज. बोटं वर-खाली करा. याला म्हणतात पिच. आता अंगठ्याची बाजू वर आणि करंगळीची खाली, मग उलट. हा रोल. आता तळवा अगदी सपाट ठेवा आणि मनगटातून बोटं फक्त डावीकडे-उजवीकडे फिरवा. हा यॉ.

पिच आणि रोल लगेच जाणवतात. पोटात गोळा येतो, टेबलावरचा पेला घरंगळतो. यॉ मात्र सुरुवातीला प्रवाशाला कळतसुद्धा नाही. डेक सपाटच असतो. शिवाय जहाजाचं नाक फिरलं तरी जहाजाचं धूड आपल्या वेगामुळे काही काळ जुन्याच दिशेनं पुढे सरकत राहतं. म्हणजे तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे. बघणाऱ्याला वाटतं, चाललंय की व्यवस्थित. वाट बदलल्याचं कळेपर्यंत बरंच पाणी कापून झालेलं असतं.

जहाजाच्या मागून मोठ्या लाटा येत असतील तर हा प्रकार धोक्याचा होतो. लाट मागची बाजू उचलते, सुकाणूची पाण्यावरची पकड सैल होते, नाक झपाट्यानं फिरतं आणि जहाज लाटेला आडवं येतं. आडव्या जहाजावर पुढची लाट आदळली तर ते उलटूही शकतं. म्हणून चांगला सुकाणूवाला नाक फिरण्याची वाट पाहत बसत नाही. तो सतत थोडं इकडे, थोडं तिकडे करत राहतो. कोळीवाड्यातल्या कुठल्याही जुन्या तांडेलाला विचारा, तो हेच सांगेल. सुकाणू एकदा सरळ केलं आणि सोडून दिलं, असं समुद्रात चालत नाही.

विमानाच्या इतिहासात तर या यॉनं मोठं कोडं घातलं होतं. राइट बंधूंनी १९०१ साली ग्लायडर उडवलं तेव्हा पंख पिळून ते एका बाजूला कलवण्याची युक्ती त्यांना साधली होती. अपेक्षा अशी की ज्या बाजूला कललं त्या बाजूला ते वळेल. पण नाक कधी कधी उलटीकडे फिरायचं! कारण ज्या पंखाला जास्त उचल मिळते, त्याला हवेचा विरोधही जास्त होतो आणि तो पंख मागे ओढला जातो. १९०२ च्या ग्लायडरला त्यांनी मागे उभी शेपटी बसवली, आधी पक्की आणि नंतर फिरणारी. ती फिरणारी शेपटी, म्हणजे हवेतलं सुकाणू, बसल्यावर कोडं सुटलं. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९०३ मध्ये, इंजिनाचं विमान उडालं.

आजही ग्लायडरच्या काचेवर बाहेरून लोकरीचा एक साधा धागा चिकटवलेला असतो. धागा सरळ मागे वाहत असेल तर विमान नाकासमोर चाललंय. धागा तिरपा झाला की यॉ होतोय. इतकं साधं उपकरण, पण पायलटची नजर त्याच्यावर असते.

हाच शब्द आपल्या महाराष्ट्रातही रोज वापरात आहे. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. वारा दिशा बदलतो तसं त्यांचं डोकं वाऱ्याकडे वळवावं लागतं. त्या यंत्रणेला 'यॉ सिस्टीम'च म्हणतात. डोक्यावरचा वातकुक्कुट वाऱ्याची दिशा सांगतो, मोटर डोकं फिरवते. एकाच बाजूला जास्त वेळा फिरलं तर आतल्या केबलला पीळ बसतो, म्हणून ते अधूनमधून उलटं फिरवून पीळ सोडवावा लागतो. वारा एकदा पाहिला आणि काम झालं, असं तिथंही नाही.

तर यॉबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, तो सुरू होतो तेव्हा दिसत नाही. दोन, तो कायमचा दुरुस्त होत नाही, दुरुस्ती चालू ठेवावी लागते. या दोन गोष्टी घेऊन आता रोगाकडे वळू.

त्वचेवरचा यॉज

यॉज होतो तो एका मळसूत्रासारख्या पिळदार, अतिशय बारीक जिवाणूमुळे. त्याचं घराणं ट्रेपोनेमा. १९०५ हे वर्ष या घराण्याच्या इतिहासात महत्त्वाचं. त्या वर्षी बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी उपदंशाचा, म्हणजे सिफिलिसचा जिवाणू शोधला आणि त्याच वर्षी सिलोनमध्ये, आजच्या श्रीलंकेत, आल्दो कास्तेलानी या इटालियन डॉक्टरांना यॉजच्या फोडांत जवळजवळ तसाच जिवाणू दिसला. त्याच्या नावात 'पर्टेन्यू' हा लॅटिन शब्द आहे. अर्थ, अगदी सडपातळ. सूक्ष्मदर्शकाखाली हे दोघे भाऊ वेगळे ओळखता येत नाहीत.

पण त्यांचे मार्ग वेगळे आहेत. उपदंश लैंगिक संबंधातून पसरतो. यॉजचा लैंगिक संबंधाशी काहीही संबंध नाही. खेळताना एका मुलाच्या ओल्या फोडाचा स्राव दुसऱ्याच्या खरचटलेल्या गुडघ्याला लागला, एवढं पुरतं. पायात चप्पल नाही, अंगावर पुरते कपडे नाहीत, धुवायला साबण आणि पाणी कमी, घरात दाटीवाटी. अशा ठिकाणी खरचटणं रोजचंच. म्हणून यॉजचे बहुतेक रुग्ण पंधरा वर्षांखालची मुलं असतात.

लागण झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी त्या जागी पहिला फोड उठतो. ही ती 'मदर यॉ'. तो वाढतो, त्याचा पृष्ठभाग दाणेदार, लालसर होतो. युरोपीय डॉक्टरांना तो रासबेरीसारखा दिसला, म्हणून फ्रेंच भाषेतल्या रासबेरीच्या नावावरून त्याला 'फ्रॅम्बिझिया' असंही नाव पडलं. आपण तुतीचं फळ डोळ्यांसमोर आणावं. गंमत म्हणजे हा फोड बहुधा दुखत नाही आणि तीन ते सहा महिन्यांत आपोआप बराही होतो. आईबापांना वाटतं, गेला.

तो गेलेला नसतो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी अंगभर फोड येतात, हाडं दुखतात, बोटं सुजतात. तळपायाची कातडी जाड होऊन तडकते आणि पाऊल सरळ टेकवता येत नाही. मूल पायाच्या कडेवर भार देत, तिरकं तिरकं चालतं. याला इंग्रजीत 'क्रॅब यॉज' म्हणतात, म्हणजे खेकड्याच्या चालीचा यॉज. भाषाशास्त्र सांगतं की या दोन शब्दांचं नातं नाही, आणि ते बरोबरच आहे. पण हे मूल चालताना पाहिलं तर दोन्ही अर्थ एकाच देहात दिसतात.

उपचार झाले नाहीत तर सुमारे दहा टक्के रुग्णांत पाच-एक वर्षांनी किंवा त्याहून उशिरा तिसरी अवस्था येते. नडगीचं हाड तलवारीसारखं वाकतं, नाकाची आणि टाळूची हाडं झडतात. यॉजनं माणूस सहसा मरत नाही. चेहरा आणि पाय मात्र जन्माचे जातात. शाळा सुटते, लग्न अडतं, शेतातलं काम होत नाही.

नाव कोणाकडे बोट दाखवतं?

रोगांच्या नावांत एक खोड दिसते. रोग आपला नाही, तो दुसऱ्याचा, हे सांगण्याची. सिलोनमध्ये यॉजला 'परंगी' म्हणत. हा शब्द आपल्या 'फिरंगी'चाच भाऊ, म्हणजे पोर्तुगीज किंवा परका गोरा माणूस. आपल्याकडे सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात उपदंशासारख्या नव्या रोगाला 'फिरंग रोग' म्हटलं आहे. म्हणजे जिवाणूही भावंडं आणि नावंही भावंडं.

परक्याकडे बोट दाखवणं एक वेळ समजू शकतं. पण मध्य भारतात यॉजला मिळालेली नावं पाहा. 'माडिया रोग', 'गोंडी रोग'. माडिया म्हणजे आपल्या गडचिरोलीतल्या भामरागड भागात आणि पलीकडे बस्तरमध्ये राहणारे लोक. इथं रोगाला एका जमातीचं नाव दिलं गेलं, जणू तो त्यांच्या रक्तातच आहे. रक्ताचा काही संबंध नव्हता. संबंध होता तो रस्त्याचा, साबणाचा आणि दवाखान्याच्या अंतराचा. या क्षेत्रात काम करणाऱ्यांमध्ये एक म्हण रूढ आहे, की रस्ता जिथं संपतो तिथं यॉज सुरू होतो. माझ्या मते रोगाचं हे सगळ्यात प्रामाणिक वर्णन आहे.

नावाचा आणखी एक घोळ प्रयोगशाळेत होतो. उपदंशासाठी रक्ताची जी नेहमीची तपासणी करतात, ती यॉजच्या रुग्णातही पॉझिटिव्ह येते. दोघा भावांतला फरक त्या चाचणीला कळत नाही. लहानपणी यॉज होऊन गेलेल्या बाईचं रक्त गरोदरपणी तपासलं आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर तिच्यावर भलताच शिक्का बसू शकतो. म्हणून तिचं गाव कोणतं, लहानपणी अंगावर फोड आले होते का, हे विचारणं हा तपासणीचाच भाग आहे.

पन्नास देशांच्या जवळ पोचलेली मोहीम

आता त्या प्रश्नाकडे येऊ. पेनिसिलिन हाती आलं आणि यॉजचं चित्रच बदललं. लांबणीवर काम करणाऱ्या पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन कमरेत द्यायचं आणि फोड काही दिवसांत वाळू लागायचे. आईबापांच्या डोळ्यांदेखत मूल बरं व्हायचं. एवढं स्वस्त आणि एवढं लगेच दिसणारं यश सार्वजनिक आरोग्यात क्वचित मिळतं.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९५२ ते १९६४ या काळात ४६ देशांत मोहीम चालवली. फिरती पथकं गावोगाव गेली. सुमारे ३० कोटी लोकांची तपासणी झाली, ५ कोटी लोकांना उपचार मिळाले. जगातला यॉज जवळजवळ ९५ टक्क्यांनी घटला. भारतातही मध्य प्रदेश, ओरिसा, आंध्र आणि आपल्या चंद्रपूर भागात काम झालं.

आणि मग? राहिलेल्या पाच टक्क्यांसाठी वेगळी पथकं कशाला, असा विचार झाला. उरलेलं काम गावपातळीच्या नेहमीच्या आरोग्यसेवेकडे सोपवलं गेलं. कागदावर हे योग्यच दिसत होतं. पण जिथं यॉज उरला होता, नेमकी तिथंच ही नेहमीची सेवा पोचत नव्हती. रस्ता संपल्यानंतरच्या गावात आरोग्य केंद्र कुठलं? पथकं थांबली, निधी दुसऱ्या कामांकडे गेला, नव्या डॉक्टरांनी यॉज पाहिलेलाच नव्हता. सत्तरच्या दशकात रोग परत डोकं वर काढू लागला आणि १९७८ मध्ये जागतिक आरोग्य सभेला त्यावर पुन्हा ठराव करावा लागला.

यात जिवाणूची काही चलाखी होती का? होती, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. फोड दिसणाऱ्या एका रुग्णामागे अंगात जिवाणू सुप्त असलेली, वरून धडधाकट दिसणारी पाच-सहा माणसं असू शकतात. त्यांच्यातल्या काहींना महिन्यांनी, वर्षांनी फोड येतात आणि पुन्हा साखळी सुरू होते. म्हणजे डोळ्यांना दिसणारा आकडा शून्याजवळ आला तरी खरा आकडा शून्याजवळ नसतो.

मघाशी केलेला हाताचा प्रयोग आठवा. डेक सपाट आहे, जहाज पुढे चाललंय, सगळं छान दिसतंय, आणि नाक मात्र फिरायला लागलंय. त्या मोहिमेत औषध चुकलं नव्हतं, दिशा चुकली नव्हती. किनारा दिसला आणि सुकाणूवरचा हात निघाला.

कोरापुटपासून सुरुवात

भारतानं हे काम पुन्हा हाती घेतलं १९९६-९७ मध्ये, ओरिसातल्या कोरापुट जिल्ह्यापासून. नंतर ते दहा राज्यांतल्या ५१ जिल्ह्यांत नेलं. त्यात महाराष्ट्रही होता. १९९६ मध्ये साडेतीन हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले होते.

या वेळची पद्धत पाहा. कर्मचारी घरोघर जाऊन शोध घेत होते. रुग्ण दवाखान्यात येईल याची वाट पाहिली जात नव्हती. शोध एकदा घेऊन थांबत नव्हता, फेऱ्या होत होत्या. फोड असलेल्या मुलाबरोबर त्याच्या घरच्यांना आणि खेळगड्यांनाही इंजेक्शन दिलं जात होतं, म्हणजे त्या सुप्त पाच-सहा जणांनाही गाठलं जात होतं. फोडाचे फोटो दाखवून लोकांना विचारलं जायचं, असं कुणाला पाहिलंत का? बाजाराच्या दिवशी विचारलं जायचं, शाळेत विचारलं जायचं.

ऑक्टोबर २००३ मध्ये शेवटचा रुग्ण नोंदला गेला. इथं साठच्या दशकातला कारभार असता तर फटाके वाजवून पथकं घरी गेली असती. तसं झालं नाही. सप्टेंबर २००६ मध्ये भारतानं यॉजचं निर्मूलन जाहीर केलं, पण शोध चालूच ठेवला. 'अमुक पाड्यावर एका पोराला तसा फोड आहे म्हणे' अशी नुसती कुणकुण लागली तरी तिची नोंद करून तिथं जाऊन तपासायचं, असा नियम होता. रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस ठेवलं होतं. शिवाय पाच वर्षांखालच्या मुलांचं रक्त तपासलं गेलं. ही युक्ती फार चांगली आहे. शेवटच्या रुग्णानंतर जन्मलेल्या मुलांच्या रक्तात खूण सापडली नाही, तर रोग लपूनछपूनसुद्धा पसरत नाही हे सिद्ध होतं. ग्लायडरच्या काचेवरचा तो लोकरीचा धागा म्हणजे हीच चाचणी.

मे २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत यॉजमुक्त असल्याचं मान्य केलं. शेवटचा रुग्ण २००३ मध्ये आणि प्रमाणपत्र २०१६ मध्ये. मधली बारा-तेरा वर्षं काहीच सापडत नसताना शोधत राहण्याची होती. या वर्षांचे फोटो कुणी छापत नाही. पण जंगलात चालत जाऊन 'काही नाही' असं रजिस्टरमध्ये लिहून परतणाऱ्या आरोग्य सेविकेनंच त्या काळात सुकाणू धरलं होतं.

आणि बाकीचं जग

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले काही देश, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं, वानुआतू इथं यॉज अजून आहे. २०१२ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या एका अभ्यासानं दाखवलं की अॅझिथ्रोमायसिनची तोंडानं घेण्याची एकच मात्रा पेनिसिलिनच्या इंजेक्शनइतकीच गुणकारी आहे. सुई नको, थंड साठवण नको. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं निर्मूलनाची नवी योजना आखली आणि २०२० हे लक्ष्य ठरवलं.

तिथल्याच लिहिर बेटावर सगळ्या लोकसंख्येला एकदा औषध दिलं गेलं. फोडांचं प्रमाण १.८ टक्क्यांवरून दीड वर्षात ०.१ टक्क्यावर आलं. मग ते पुन्हा चढलं आणि साडेतीन वर्षांनी ०.४ टक्के झालं. काही रुग्णांत तर औषधाला दाद न देणारा जिवाणू सापडला. पुढच्या अभ्यासात एकाऐवजी तीन फेऱ्या दिल्यावर परिणाम जास्त चांगला दिसला. २०२० चं लक्ष्य हुकलं आणि आता २०३० ठरलं आहे.

म्हणजे तोच धडा तिसऱ्यांदा. एका जोरदार फेरीनं जहाज दिशेला लागतं, पण दिशेवर राहण्यासाठी दुसरी फेरी लागते, तिसरी लागते, आणि मग नजर लागते. यॉज हे एक उदाहरण झालं. आपल्याकडे क्षयरोगाचं, कुष्ठरोगाचं, हत्तीरोगाचं काम चालू आहे. त्यातला कुठलाही आकडा खाली आल्याची बातमी वाचली की आनंद जरूर माना, आणि सोबत एक प्रश्न विचारा : शोधणारे लोक अजून जागेवर आहेत ना? एवढं सांगून थांबते. आता प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : यॉज भारतात परत येऊ शकतो का?

देश मुक्त झाला तरी जग मुक्त झालेलं नाही. इंडोनेशियात तो आहे, माणसं ये-जा करतात. आलाच तर तो पसरायला जागा कुठं मिळेल? जिथं पाणी, साबण आणि दवाखाना अजून लांब आहे तिथं. लवकर ओळखला तर एका उपचारात आटोपतो. ओळखणारा माणूस तिथं हवा, एवढीच अट.

प्रश्न : देवी रोग तर कायमचा गेला. मग यॉज का गेला नाही?

देवीची लस होती. एकदा टोचली की संरक्षण मिळायचं. शिवाय देवी लपत नाही, रुग्ण लगेच ओळखू येतो. १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं. यॉजची लस नाही आणि तो अंगात लपून बसतो. दुसरं कारण वैद्यकीय नाही. देवी राजवाड्यातही शिरायची, म्हणून सगळ्यांनाच तिची भीती होती. यॉज राजधानीत कधी पोचला नाही. ज्यांना तो होतो त्यांचा आवाजही तिथं पोचत नाही.

प्रश्न : जहाजाच्या 'यॉ'ला मराठीत शब्द नाही का? 'भरकटणं' चालेल?

'भरकटणं' सुंदर शब्द आहे, पण तो पुढची अवस्था सांगतो. वाट सुटल्यावर आपण भरकटलो म्हणतो. यॉ त्याच्या आधीचा असतो. अजून वाट सुटलेली नसते, नुसतं नाक फिरलेलं असतं. माझा आग्रह विचाराल तर 'नाक फिरणं' म्हणावं. ऐकणाऱ्याला लगेच कळतं, आणि नाक फिरल्याचं वेळेवर कळलं तर भरकटण्याची पाळी येत नाही.